लॅम्डा आणि सिग्मा-शून्य: क्वार्क तेच, वागणूक वेगळी

दादरला आमच्या बीएस्सीच्या वर्गात कणांचा तक्ता शिकवायला घेतला की हा प्रश्न हमखास येतो. यंदा एका मुलीने पुस्तकातल्या दोन ओळींवर बोट ठेवून विचारलं, "सर, ही छपाईची चूक आहे का?" लॅम्डा या कणासमोर त्याचे घटक, म्हणजे तीन क्वार्क: अप, डाऊन, स्ट्रेंज. सिग्मा-शून्यासमोरही अप, डाऊन, स्ट्रेंज. विद्युतभार दोघांचा शून्य.

छपाई बरोबर आहे. शेजारचा वस्तुमानाचा रकाना बघा: लॅम्डा सुमारे १,११६ एमईव्ही (कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजायचं एकक), सिग्मा-शून्य सुमारे १,१९३. हा फरक अप आणि डाऊन यांच्या जोडीतून येतो. लॅम्डात त्या दोघांचे स्पिन, म्हणजे अंगभूत फिरक्या, विरुद्ध दिशांना असतात, सिग्मा-शून्यात एकाच दिशेला. त्यामुळेच लॅम्डा एकुलता एक, तर सिग्मा-शून्य तीन भावंडांतला मधला. बाकीचे दोघे सिग्मा-धन आणि सिग्मा-ऋण.

लॅम्डा सरासरी पाव नॅनोसेकंद जगतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण वेगात असला तर तेवढ्यात तो काही सेंटीमीटर जातो आणि मग बहुतेक वेळा प्रोटॉन आणि ऋण पायॉन (प्रोटॉनहून बराच हलका कण) यांत फुटतो. विद्युतभार नसल्याने लॅम्डाचा स्वतःचा माग दिसत नाही. कुठूनशी अचानक दोन रेषांची व्ही अक्षरासारखी खूण उमटते. मेलबर्न विद्यापीठाच्या हॉपर आणि बिस्वास यांनी १९५० मध्ये फुग्यातून उंच पाठवलेल्या फोटोग्राफिक इमल्शनमध्ये, म्हणजे कणांचा माग टिपणाऱ्या थरात, ती ओळखली. यातले सुकुमार बिस्वास पुढे आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत आले, आणि १९८५ मध्ये स्पेसलॅब-३ मधून गेलेला 'अनुराधा' हा वैश्विक किरणांचा प्रयोग त्यांच्या नेतृत्वाखाली झाला. हे वर्गात सांगताना मला दरवेळी भरून येतं.

सिग्मा-शून्याच्या नशिबी एवढाही प्रवास नाही. त्याचं आयुष्य लॅम्डाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी. अणूच्या रुंदीएवढं अंतर कापायच्या आत तो एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, सोडून लॅम्डा होतो. मुलांनी पक्कं लक्षात ठेवावं ते हेच: डिटेक्टरमध्ये लॅम्डा दिसला तरी तो मुळात लॅम्डाच होता असं धरून चालत नाही. सोबतचा फोटॉन निसटला की सिग्मा-शून्य लॅम्डाच्याच खात्यात मोजला जातो, आणि तो वाटा हिशेबाने वेगळा काढावा लागतो.

खरा फरक कळतो तो प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या शेजारात. लॅम्डा अणुकेंद्रात रमतो. केंद्राचं त्याच्यावरचं आकर्षण सुमारे ३० एमईव्ही खोल, प्रोटॉन-न्यूट्रॉनसाठी असतं त्याच्या अर्ध्याहून थोडं जास्त. लॅम्डा सामावलेलं केंद्र, म्हणजे हायपरन्यूक्लियस, वॉर्सात दानिश आणि प्निएव्स्की यांना १९५२ मध्येच सापडलं आणि आज असे डझनावारी माहीत आहेत. सिग्माला मात्र जड केंद्रं दूर ढकलतात. त्याला धरून ठेवणारं केंद्र एकच ठाऊक आहे, हेलियम-४ चं.

टक्कर घडवून बघणं दोघांच्याही बाबतीत कठीण, कारण हायपरॉनचं, म्हणजे लॅम्डा-सिग्मासारख्या स्ट्रेंज क्वार्क असलेल्या कणाचं, लक्ष्य बनवून ठेवता येत नाही. १९६० च्या दशकात बबल चेंबरच्या (कणांचा माग बुडबुड्यांच्या रेषेने दाखवणाऱ्या पात्राच्या) द्रव हायड्रोजनमध्येच लॅम्डा निर्माण करून तो तिथल्याच प्रोटॉनवर आदळतो का, हे एकेक फोटो तपासून पाहिलं गेलं. जपानच्या जे-पार्क या प्रवेगक केंद्रात अलीकडे सिग्मा-धन आणि सिग्मा-ऋण यांच्यासाठी याच धर्तीचा प्रयोग आधुनिक डिटेक्टर लावून झाला. क्षणात संपणाऱ्या सिग्मा-शून्याला तो मार्ग बंद. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या एलिस प्रयोगगटाने २०२० मध्ये वेगळी वाट धरली: प्रोटॉन-प्रोटॉन टकरीतून एकत्र बाहेर पडणाऱ्या प्रोटॉन आणि सिग्मा-शून्याच्या जोड्या घ्यायच्या, आणि जवळजवळ सारख्या वेगाने निघणाऱ्या जोड्या अपेक्षेपेक्षा जास्त आहेत (म्हणजे आकर्षण) की कमी (म्हणजे अपकर्षण), हे मोजायचं. फोटॉन पकडला तो डिटेक्टरच्या सामग्रीत त्याची इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी झाली तेव्हा. इतक्या अटींतून उरलेल्या जोड्या थोड्याच, त्यामुळे अनिश्चितता मोठी राहिली. तरीही हे मोजमाप मला फार मोलाचं वाटतं.

आणि या दोघांना कायमचं वेगळं ठेवताही येत नाही. प्रोटॉनजवळ पुरेशा ऊर्जेने आलेला लॅम्डा सिग्मा होऊ शकतो. प्रोटॉन-लॅम्डा जोड्या मोजणाऱ्या अशाच आलेखात, दोघांचा सापेक्ष संवेग सुमारे २८९ एमईव्ही प्रति सी (सी म्हणजे प्रकाशाचा वेग) होतो तिथे, सिग्मा होण्यापुरती ऊर्जा मिळून त्याचं दार उघडतं आणि वक्राला एक टोक येतं.