कांदळवन (म्हादई व काळी नदीचे खोरे)

भरतीला बुडणाऱ्या आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खाडीकाठच्या चिखलात वाढणारे जंगल. यालाच खारफुटी म्हणतात. बेळगाव जिल्ह्याला समुद्र नाही, त्यामुळे कांदळाचे एकही वन नाही. तरीही सीमाभागाचा त्याच्याशी संबंध आहे, आणि तो पाण्याचा आहे. खानापूर तालुक्यात देगावजवळ उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होते आणि चोडण बेटाच्या कांदळवनाला गोडे पाणी पुरवते. जोयडा तालुक्यातली काळी नदी हेच काम कारवारच्या खाडीत करते. कणकुंबीची मलप्रभा मात्र पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते.

खारफुटीला खारे पाणीच लागते, हा गैरसमज आहे. ती ते सोसते. जोमाने वाढते ती गोडे पाणी मिसळलेल्या मचूळ पाण्यात. तिवर या खारफुटीच्या झाडाच्या पानावर बोट फिरवून जिभेला लावावे, खारट लागते: जादा मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते. कांदळ हे दुसरे झाड बरेचसे मीठ मुळाशीच अडवते. चिखलात हवा खेळत नाही, म्हणून तिवराची श्वासमुळे पेन्सिलीसारखी वर येतात आणि कांदळ कमानदार आधारमुळांवर उभा राहतो. कांदळाचे बी झाडावरच रुजते. शेवग्याच्या शेंगेसारखे हिरवे रोप फांदीला लोंबते. टोकावर पडले तर चिखलात उभे राहते, नाहीतर भरतीबरोबर वाहत दुसरा काठ गाठते.

मुळांच्या जाळ्यात गाळ अडतो, लाटांचा जोर मोडतो. गोव्यातल्या खाजन शेतीच्या (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतीच्या) बांधांना हा मोठा आधार. कोळंबी, खेकडे आणि मासळीची पिल्ले इथेच वाढतात. बेळगावच्या बाजारात गोवा-कारवारची मासळी घेणाऱ्याचेही या चिखलाशी नाते आहे, ते सहसा लक्षात येत नाही इतकेच. शिवाय प्राणवायूअभावी पालापाचोळा इथे फार सावकाश कुजतो आणि त्यातला कार्बन दीर्घकाळ गाडलेला राहतो.

२०२१ च्या वन सर्वेक्षण अहवालानुसार देशात ४,९९२ चौ. किमी कांदळवन आहे. गोव्यात २७, कर्नाटकात अवघे १३.

म्हादई जलतंटा लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले. कळसा-भांडुरा योजनेत खानापूरच्या नाल्यांचे पाणी मलप्रभेत वळवायचे आहे. इकडे चर्चा असते ती पिण्याच्या पाण्याची, आणि ती गरज खरीच आहे. पण उन्हाळ्यात मांडवीचा प्रवाह बारीक होतो, तेव्हा समुद्राचे खारे पाणी खाडीत आत-आत चढत जाते. त्याला मागे रेटणारे गोडे पाणी याच नाल्यांतून उतरलेले असते.