दोन अ‍ॅलेक्स: जेम्स आणि जॅक्सन

31 मार्च 1928 रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर फुटबॉलमध्ये स्कॉटलंडने इंग्लंडला 5-1 असे हरवले आणि पाचही गोल अ‍ॅलेक्स नावाच्या खेळाडूंनी केले. तीन जॅक्सनचे, दोन जेम्सचे. नाव एक, आडनावाचे आद्याक्षर एक, दोघे स्कॉटिश, दोघांची उमेदीची वर्षे इंग्लंडच्या क्लबांकडे गेलेली; त्यामुळे गोलफलकावर ‘ए. जे.’ एवढेच दिसले तर गल्लत व्हायचीच. दोघांचा खेळ आणि नशीब मात्र अगदी वेगळे होते.

अ‍ॅलेक्स जॅक्सन डम्बार्टनजवळच्या रेंटनचा, जन्म 1905 चा. तो उजव्या बगलेवरचा विंगर, म्हणजे कडेने धावणारा आक्रमक होता. पण रेषेला चिकटून क्रॉस (कडेवरून गोलसमोर दिलेले पास) टाकत राहणे त्याच्या स्वभावात नव्हते. चेंडू डावीकडून येऊ लागला की तो आत शिरून गोलसमोर हजर होई. वेम्बलीचे त्याचे तिन्ही गोल डाव्या विंगवरच्या अ‍ॅलन मॉर्टनच्या क्रॉसवर झाले. पाऊस पडत होता, मैदान निसरडे होते आणि स्कॉटलंडच्या पाच आक्रमकांत सर्वांत उंच असलेला जॅक्सन जेमतेम 5 फूट 7 इंचांचा होता. तरी इंग्लंडच्या बचावफळीला तो आवरला नाही. गंमत अशी की इंग्लंडचा कर्णधार रॉय गुडॉल हा हडर्सफिल्ड टाउन या इंग्लिश क्लबमधला त्याचाच सहकारी होता.

अ‍ॅलेक्स जेम्स त्याच्याहून चार वर्षांनी मोठा, लॅनार्कशायरमधल्या मॉसेंडचा. तो ‘इनसाइड लेफ्ट’, म्हणजे डावा विंगर आणि मधला आक्रमक यांच्यामधल्या जागी खेळे. वेम्बलीचे दोन गोल पाहून तो गोल करणाराच खेळाडू असावा असे वाटते, आणि प्रेस्टन नॉर्थ एंड या क्लबकडे असेपर्यंत ते खरेही होते. परंतु 1929 मध्ये तो लंडनच्या आर्सेनल क्लबकडे गेला आणि व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमनने त्याचे काम बदलले. 1925 मध्ये ऑफसाइडचा (आक्रमकाने बचावपटूंच्या किती पुढे उभे राहावे याचा) नियम सैल झाल्यापासून मधला हाफ, म्हणजे मैदानाच्या मध्यभागी खेळणारा खेळाडू, बचावात ओढला गेला होता. मधोमध पडलेली पोकळी भरायला कोणीतरी मागे राहून चेंडू घ्यावा आणि एका लांब पासने विंगरांना मोकळे सोडावे, अशी गरज निर्माण झाली. ते जेम्सच्या वाट्याला आले. आर्सेनलकडून लीगच्या (इंग्लिश क्लबांच्या मोसमभर चालणाऱ्या स्पर्धेच्या) 231 सामन्यांत त्याचे गोल फक्त 26 आहेत, पण त्याच काळात क्लबने चार वेळा लीग जिंकली. केवळ गोलांच्या आकड्यांवरून या दोघांची तुलना करणाऱ्याला जेम्स समजणारच नाही, असे माझे मत आहे. ओळखायची सोपी खूण हवी असेल तर जुन्या छायाचित्रांत ढगळ, गुडघ्यापर्यंत येणारी चड्डी घातलेला तो जेम्स.

दोघे एकमेकांसमोरही उभे ठाकले. 1930 च्या एफए कपच्या (इंग्लंडच्या बाद फेरीच्या स्पर्धेच्या) अंतिम सामन्यात जेम्स आर्सेनलकडे होता, जॅक्सन हडर्सफिल्डकडे. पहिल्या वीस मिनिटांतच आर्सेनलला फ्री किक मिळाली आणि हडर्सफिल्डचे खेळाडू सावरण्याआधीच जेम्सने चेंडू क्लिफ बॅस्टिनकडे ढकलला. बॅस्टिनने बचावपटूला अंगावर घेतले, चेंडू परत दिला, आणि जेम्सने तो जाळ्यात धाडला. सामना 2-0 असा आर्सेनलने जिंकला. जॅक्सनने 1926 मध्ये हडर्सफिल्डबरोबर लीग जिंकली होती, पण 1928 पाठोपाठ कपचा हा दुसरा अंतिम सामनाही तो हरला.

खरा फरक पडला तो मात्र पैशांच्या प्रश्नावर. इंग्लंडमध्ये तेव्हा खेळाडूला मोसमात आठवड्याला 8 पौंडांपेक्षा अधिक वेतन देता येत नसे. क्लब एकमेकांना हजारो पौंड मोजत, खेळाडूच्या हाती मात्र ठरलेलीच रक्कम पडे. जेम्सला आर्सेनलने घेतले 8,750 पौंडांना आणि जोडीला सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात वर्षाला 250 पौंडांची नोकरी मिळवून दिली. मर्यादा कागदावर पाळली गेली आणि त्याची मिळकतही वाढली.

जॅक्सनला असा आडमार्ग मिळाला नाही. 1930 मध्ये 8,500 पौंडांना लंडनच्या चेल्सी क्लबने त्याला घेतले. पुढे फ्रान्समधील क्लब अधिक पैसे देऊ करू लागले तेव्हा त्याने चेल्सीकडे वाढ मागितली, वाद चिघळला आणि 1932 मध्ये त्याला विक्रीच्या यादीत टाकण्यात आले. खेळाडूची नोंदणी क्लबच्या हाती असल्याने क्लबच्या संमतीशिवाय लीगमधील दुसऱ्या संघाकडे जाणे शक्य नव्हते. सत्तावीस वर्षांच्या या आंतरराष्ट्रीय खेळाडूची लीग कारकीर्द तिथेच थांबली. मग लीगबाहेरचे अ‍ॅश्टन नॅशनल आणि मार्गेट हे क्लब, आणि नंतर फ्रान्स. म्हणून 1933 नंतरच्या लीग सामन्याच्या वृत्तांतात ‘ए. जे.’ दिसला, तर तो जॅक्सन नव्हे.

स्कॉटलंडची टोपी, म्हणजे देशाकडून खेळण्याचा मान, जॅक्सनला 17 वेळा मिळाली, जेम्सला केवळ 8 वेळा. आज मात्र जेम्सचे नाव अधिक घेतले जाते, कारण 1936 मध्ये कर्णधार म्हणून त्याने आर्सेनलला पुन्हा कप मिळवून दिला आणि 1937 पर्यंत तो खेळत राहिला. जॅक्सन सैन्यात गेला आणि नोव्हेंबर 1946 मध्ये, वयाच्या एक्केचाळीसाव्या वर्षी, इजिप्तमध्ये रस्ते अपघातात मरण पावला. जेम्स 1953 मध्ये कर्करोगाने गेला.