फ्लाय फिशिंग : उन्हाळी चढाच्या पाण्यातील

पिसे, लोकर व दोरा गळावर बांधून केलेल्या नकली किड्याने (फ्लायने) मासा पकडण्याच्या पद्धतीचा, बर्फ वितळून नदी भरून वाहत असतानाचा प्रकार. भारतात तो मुख्यतः काश्मीर व हिमाचल प्रदेशातील, ट्राऊट या थंड पाण्यातील माशाच्या नद्यांवर आढळतो. प्रस्तुत नोंदीत दक्षिण व मध्य काश्मीरमधील लिद्दर, सिंध (ही सिंधू नदी नव्हे) आणि ब्रिंगी या नद्या प्रमाण धरल्या आहेत.

नेहमीच्या गळ टाकण्यात गळाजवळ शिसे बांधलेले असते आणि त्या वजनाने दोरी लांब जाते. फ्लायला वजन जवळजवळ नसते, म्हणून येथे दोरीच वजनदार असते. काठी मागे-पुढे झुलवून दोरी फेकायची व फ्लाय तिच्या टोकाला मागून जाते, हे या पद्धतीचे मर्म होय. तरंगती (ड्राय), बुडती (वेट), पाण्याखालच्या बाल्यावस्थेतील कीटकासारखी दिसणारी (निंफ) आणि लहान माशासारखी दिसणारी (स्ट्रीमर) असे फ्लायचे चार ढोबळ प्रकार मानतात.

उगम : या पद्धतीचा सर्वांत जुना निर्विवाद उल्लेख रोमन लेखक ईलियन (इ.स. सुमारे १७०–२३५) याच्या ग्रंथात आहे. मॅसिडोनियात, बेरोया व थेसालोनिका यांच्या दरम्यान वाहणाऱ्या अस्ट्रेअस नदीत ठिपकेदार मासे असून तेथील कोळी गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळतात, तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसे बसवतात आणि सहा फुटी काठी व तेवढीच दोरी वापरतात, असे तो सांगतो. ठिपकेदार मासे म्हणजे ट्राऊट असावेत, याबद्दल बहुतेकांचे एकमत आहे. ईलियनने हे स्वतः पाहिले नसून ऐकीव माहिती नोंदविली आहे, त्यामुळे प्रथा त्याच्या काळाहून जुनी असणे संभवते.

त्याआधीच्या, पहिल्या शतकातील मार्शल या कवीच्या एका ओळीवरून हा उगम आणखी मागे नेण्याचा प्रयत्न झाला आहे. अधाशी ‘स्कारस’ मासा कशाने फसतो हे ज्याला ठाऊक नाही असा कोण आहे, असा त्या ओळीचा आशय. मात्र फसविणारी वस्तू ‘मुस्का’ (माशी) की ‘मुस्को’ (शेवाळ), हा पाठभेद आहे. स्कारस हा समुद्रातील, खडकावरचे शेवाळ खरवडून खाणारा मासा मानला जातो. हे लक्षात घेता शेवाळाचा पाठ अधिक सयुक्तिक वाटतो, आणि तसे असेल तर या ओळीचा फ्लायशी संबंध उरत नाही. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापल्या गेलेल्या मत्स्यविषयक प्रबंधात बारा फ्लायची वर्णने येतात. त्याचे कर्तृत्व परंपरेने ज्युलियाना बर्नर्स या जोगिणीकडे दिले जाते, पण त्याला समकालीन पुरावा नाही.

आपल्याकडचा दाखला म्हणून कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथाचा (इ.स. ११३० च्या सुमारास) उल्लेख क्वचित केला जातो. त्यातील ‘मत्स्यविनोद’ प्रकरणात माशांचे प्रकार, त्यांना चारा घालून एका जागी आणण्याची रीत, गळ, दोरी व काठी यांचे बारकाईने वर्णन आहे. गळाने मासे धरणे हा राजाने करण्याजोगा विनोद आहे, ही त्यामागची दृष्टी विलक्षण होय आणि दख्खनच्या अभ्यासकांनी तिच्याकडे अजून लक्ष द्यायला हवे. परंतु तेथील आमिष खाण्याचे आहे, नकली किडा नव्हे. म्हणून त्या प्रकरणाला फ्लाय फिशिंगचा पूर्वज म्हणता येत नाही.

काश्मीरमधील ट्राऊट : ट्राऊट हा भारताचा मूळ मासा नाही. निलगिरीत इंग्लंडहून ट्राऊट आणण्याचे प्रयत्न १८६० च्या दशकात फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञाने केले. ते सफल झाले नाहीत आणि तेथे मासा रुजण्यास विसावे शतक उजाडावे लागले. काश्मीरबाबत १८९९ व १९०० अशी दोन वर्षे दिली जातात. हा घोळ दोन वेगळ्या खेपांमुळे झाला असावा. बेडफर्डच्या ड्यूकने पाठविलेली सुमारे १०,००० अंड्यांची पहिली खेप प्रवासातील उष्णतेने नष्ट झाली. दुसरी खेप स्कॉटलंडहून आली आणि तिच्यातील पिले जगली. या कामी गालिच्यांचा कारखाना चालविणारे फ्रँक मिचेल यांचा पुढाकार आणि महाराजा प्रतापसिंह यांचा आश्रय होता. आगमनाचे वर्ष म्हणून १९०० धरणेच योग्य, कारण आजच्या ब्राऊन ट्राऊटची वंशरेषा दुसऱ्या खेपेपासून सुरू होते. श्रीनगरजवळच्या हारवनच्या उबवणीनंतर अच्छाबल येथेही उबवणी केंद्र झाले. १९८० च्या दशकात युरोपीय आर्थिक समुदायाच्या साहाय्याने कोकरनाग येथे मोठा प्रकल्प उभा राहिला. आज नद्यांत ब्राऊन व रेनबो असे दोन्ही ट्राऊट आहेत.

‘स्नो ट्राऊट’ या नावाने मात्र फसू नये. शायझोथोरॅक्स प्रजातीचा हा काश्मीरचा अस्सल रहिवासी असून तो रोहू-कटल्याच्या कुळातला आहे. हेकेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८३८ साली काश्मीरच्या माशांचे वर्णन केले तेव्हा येथे खरा ट्राऊट नव्हताच. हातात मासा आल्यावर ओळख सोपी आहे : खऱ्या ट्राऊटच्या पाठीवर, शेपटीच्या जरा अलीकडे, काटा नसलेला मांसल लहानसा पर असतो. स्नो ट्राऊटला तो नसतो. मूळ माशांवर परक्या ट्राऊटचा ताण पडला, हे मत आता बहुतेक अभ्यासक मान्य करतात. खेळाच्या गौरवगाथांत ते वगळले जाते, म्हणून येथे नोंदविले आहे.

उन्हाळी चढ : फ्लाय फिशिंगविषयीचे प्रतिष्ठित लेखन प्रामुख्याने दक्षिण इंग्लंडच्या टेस्ट व इचेन या खडूच्या खडकातून झरणाऱ्या नद्यांवर घडले. तेथे पाणी बारमाही स्वच्छ व संथ असते. लेखक हॅलफर्ड (१८४४–१९१४) यांचा तरंगत्या फ्लायचा आग्रह आणि स्क्यूज (१८५८–१९४९) यांनी केलेला निंफचा पुरस्कार हा गाजलेला वादही त्याच पाण्यातला. परिणामी चढाचे पाणी म्हणजे मासेमारी बंद ठेवण्याचे दिवस, अशी समजूत रूढ झाली. हिमालयात ती लागू पडत नाही. काश्मीरमधील ट्राऊटचा हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबर असतो आणि त्यातील मे अखेर ते जुलै हा काळ वितळत्या बर्फाच्या भरीचा असतो. हा चढ वगळला तर हंगामाचा गाभाच वगळला जातो.

लिद्दरची पश्चिम शाखा कोलहोई हिमनदीकडून अरूमार्गे, तर पूर्व शाखा शेषनागकडून चंदनवाडीमार्गे येते. पहलगाम येथे (उंची सुमारे २,१०० मी.) त्या एकत्र होतात. बर्फ सर्वाधिक वितळते ते दुपारी. ते पाणी खाली पोहोचायला काही तास लागतात, त्यामुळे पहलगामच्या आसपास दुपार कलल्यावर नदी चढू लागते, संध्याकाळी व रात्री भरते आणि पहाटेनंतर उतरते. पाण्याचा रंगही याच क्रमाने पालटतो. हिमनदीने दळलेल्या खडकाचे पीठ पाण्यात मिसळले की ते दुधी-हिरवे दिसते; पावसाने धुतलेल्या मातीचे पाणी तांबूस-तपकिरी असते. पहिल्यात मासा मिळतो, दुसऱ्यात सहसा नाही.

सकाळी काठावरच्या मोठ्या धोंड्याकडे पाहावे. पाण्याच्या वर वीतभर रुंद ओला पट्टा दिसतो, त्याच्या वरच्या कडेला बारीक रेतीची व पाइनच्या सुयांची रेघ चिकटलेली असते. ती रात्रीच्या भरीची खूण. पट्टा ओला असेतो नदी उतरते आहे. रेघ पाण्याला टेकू लागली की काठी आवरावी. आदल्या दिवशी ढगाळ हवा असेल तर बर्फ कमी वितळते आणि दुसरी सकाळ अधिक निवळ मिळते. थोडक्यात, येथे पंचांगापेक्षा घड्याळ महत्त्वाचे.

हे पाणी थंड असते, ही त्याची दुसरी बाजू. ट्राऊटला साधारण १० ते १६ अंश सेल्सिअस तापमान मानवते. २० च्या पुढे तो खाणे कमी करतो आणि २५ च्या आसपास जगणे अवघड होते. थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो : समुद्रसपाटीवर १० अंशांना लिटरमागे सुमारे ११ मिग्रॅ., २० अंशांना ९ मिग्रॅ. पहलगामच्या उंचीवर हवेचा दाब घटल्याने हे प्रमाण सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी होते. म्हणजे भर उन्हाळ्यातील बर्फाचे पाणी मच्छीमाराला कितीही अडचणीचे वाटले, तरी ट्राऊट त्याच्यावरच तगून असतो.

माशाची जागा : प्रवाह वाढला की मासा वाहून जात नाही, जागा बदलतो. तळाशी व काठाशी घर्षणामुळे पाण्याचा वेग पृष्ठभागापेक्षा बराच कमी असतो. ट्राऊट मधली धार सोडून काठाला, धोंड्याच्या पुढच्या व मागच्या उशीत, बुडालेल्या विलोच्या मुळांत येतो. वेगवान व संथ पाण्याच्या शिवेवर तो संथ बाजूला थांबतो आणि वाहत आलेला घास टिपतो. नवखा माणूस गुडघाभर पाण्यात शिरून मधल्या धारेत फेक करतो, तेव्हा बहुधा तो माशाच्या अंगावरूनच चाललेला असतो. पहिली फेक काठावर उभे राहून, पायाजवळच्या हातभर पट्ट्यात करावी.

चढत्या पाण्याने तळाचे कीटक सुटून वाहू लागतात. थंडगार पाण्यातून मुठीएवढा दगड उचलून उलटा केला तर कॅडिस या कीटकाच्या अळ्यांनी वाळूचे कण चिकटवून केलेली इवलीशी नळकांडी दिसतात. चपट्या अंगाचे, दगडाला घट्ट धरलेले मे-फ्लायचे निंफही असतात. या निंफांना बहुधा तीन शेपट्या असतात, स्टोनफ्लायच्या निंफांना दोन. कोणती फ्लाय बांधायची याचे उत्तर त्या दगडाखाली असते, दुकानात नसते.

साधने : दोरीचा क्रमांक तिच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावर ठरतो. पाच क्रमांकाला १४० ग्रेन (सुमारे ९ ग्रॅ.), सहाला १६० ग्रेन (सुमारे १०.४ ग्रॅ.). लहान ओढ्यांना पाच पुरतो. चढाच्या लिद्दरला सहा बरा, कारण जड फ्लाय फेकावी लागते आणि मासा धारेत शिरला तर आवरावाही लागतो. टोकाच्या बारीक दोऱ्याची जाडी ‘एक्स’मध्ये सांगतात. अकरातून एक्सचा आकडा वजा केला की इंचाच्या हजारांशात जाडी मिळते. म्हणजे ५ एक्स ०.००६ इंच, ३ एक्स ०.००८ इंच (सुमारे ०.२० मिमी.). निवळ पाण्यात ५ एक्स लागतो. गढूळ पाण्यात मासा दोऱ्याला बुजत नाही, तेव्हा ३ एक्स निःशंक वापरावा.

चढाच्या पाण्यात खरी अडचण खोलीची असते. फ्लाय तळापर्यंत गेली नाही तर दिवस वाया जातो. म्हणून निंफच्या डोक्याशी टंगस्टनचा मणी घालतात. टंगस्टनची घनता १९.३ आहे, शिशाची ११.३. त्यामुळे तेवढेच वजन लहान आकारात बसते, आणि शिशासारखा पाणपक्ष्यांना विषबाधेचा धोकाही राहत नाही. फेक आखूड, प्रवाहाच्या वरच्या बाजूला करतात. काठी उंच धरून जास्तीत जास्त दोरी पाण्याबाहेर ठेवतात, म्हणजे वरची वेगवान धार दोरी ओढून नेत नाही आणि निंफ तळाच्या संथ गतीने वाहते. दोरी किंचित अडली, थबकली की काठी उचलायची; दहातले आठ वेळा तो दगड असतो. पाणी दुधी असेल तर फ्लाय मोठी व गडद घ्यावी, कारण अशा पाण्यात रंगापेक्षा आकृती दिसते आणि स्ट्रीमरची हालचाल ट्राऊटला अंगावरच्या, पाण्यातील कंपने टिपणाऱ्या पार्श्वरेषेनेही जाणवते.

झऱ्यांच्या नद्या : दुपारी लिद्दर चढली की जाणकार ब्रिंगीच्या खोऱ्यात कोकरनागकडे वळतात. कोकरनाग, अच्छाबल व वेरीनाग येथील झरे चुनखडकातून येतात. त्यांचे पाणी भर उन्हाळ्यातही स्वच्छ आणि जवळजवळ एकसारख्या तापमानाचे राहते. इंग्लिश खडू-नद्यांशी खरे नाते सांगावे ते या प्रवाहांनी, आणि तरंगती फ्लाय जुलैत शोभते ती येथेच.

नियम व सुरक्षा : नद्यांचे ‘बीट’ नावाचे क्रमांकित टप्पे पाडलेले असून मत्स्यविभागाचे परमिट लागते. ते ठरावीक टप्प्यासाठी व ठरावीक दिवसासाठी मिळते. ब्राऊन ट्राऊट शरद ऋतूच्या अखेरीस व हिवाळ्याच्या तोंडी अंडी घालतो, म्हणून तेव्हा बंदी असते. मासा सोडायचा असल्यास गळाचा उलटा काटा आधीच चिमट्याने दाबून टाकावा, हात ओले करूनच मासा धरावा आणि तो स्वतः निसटेपर्यंत संथ पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून आधार द्यावा.

पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की पायावरचा जोर चौपट होतो. मांडीच्या वर पाण्यात जाऊ नये. सोटा हाती असावा. स्वतःचे बूट दिसेनासे झाले की पुढचे पाऊल टाकू नये. तळाशी धोंडे घरंगळल्याचा खोल घुमणारा आवाज येऊ लागला, तर सामान गोळा करण्यातही वेळ न घालवता काठावर चढावे. बर्फाची भर हळूहळू येते, पावसाचा लोंढा तसा येत नाही. सप्टेंबर २०१४ चा काश्मीरमधील महापूर पावसाचा होता.

इतर प्रदेश : हिमाचल प्रदेशात कुलू खोऱ्यात १९०९ च्या सुमारास ट्राऊट सोडला गेला. बियास, तीर्थन, ऊहल, पब्बर व बास्पा या तेथील प्रमुख नद्या. काश्मीरला पीर पंजाल मोसमी पावसापासून बरेचसे झाकते, कुलूला तसा आडोसा नाही. त्यामुळे तेथे बर्फाचा चढ ओसरण्याआधीच जुलैत गढूळ पाणी सुरू होते आणि चांगले दिवस पावसाळ्याच्या आधी व नंतर असे दोन तुकड्यांत मिळतात. महाराष्ट्रातील सह्याद्रीत ट्राऊट नाही. तेथे सर्वोच्च शिखर कळसूबाईच १,६४६ मी. उंच आहे आणि उन्हाळ्यात ओढ्यांना थंड पाणी पुरविणारे बर्फ नाही.