६० दिवसांचा नियम आला कुठून?

अमेरिकेत कच्च्या दुधाचं चीज विकायचं किंवा बाहेरून आयात करायचं तर ते किमान ६० दिवस मुरलेलं लागतं. हा नियम १९४९ चा. त्याआधीच्या दशकात अमेरिका-कॅनडात टायफॉइडच्या साथी आल्या, माग काढला तर कच्च्या दुधाच्या ताज्या चेडरपर्यंत पोचला, मग एफडीएने (अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने) दोन पर्याय दिले, एकतर दूध पाश्चराइज करा, म्हणजे तापवून जंतू मारा, नाहीतर चीज मुरू द्या, मीठ, आंबटपणा आणि कमी होत जाणारं पाणी मिळून जंतूंचा निकाल लावतील.

चेडरसारख्या कडक चीजला हे बऱ्यापैकी लागू पडतं, पण मऊ चीजचं काय? फ्रान्समधल्या नॉर्मंडीचं अस्सल कामांबेर हे मऊ चीज कच्च्या दुधाचंच असावं लागतं, ते तीनेक आठवड्यांत तयार होतं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत खायचं असतं. ६० दिवस ठेवलं तर आतून वाहायला लागतं, सालीला अमोनियाचा भपका येतो. त्यामुळे न्यू जर्सीच्या दुकानात कामांबेर म्हणून दिसतं ते पाश्चराइज्ड असतं. त्यात गंमत म्हणजे अशा चीजमध्ये मुरताना सालीचा आंबटपणा उतरत जातो आणि लिस्टेरिया या घातक जंतूला उलट बरंच फावतं, म्हणजे थांबल्याने धोका कमीच होतो असं नाही.

लिस्टेरियाचा खरा धसका बसला १९८५ ला. लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकन पद्धतीच्या ताज्या चीजमुळे १४२ जण आजारी पडले, दगावलेल्यांत गर्भातली आणि नवजात बाळं बरीच होती. आणि ते चीज नावाला पाश्चराइज्ड दुधाचंच होतं, कारखान्यात कच्चं दूध त्यात मिसळलं गेलं असावं असा संशय होता! १९८७ मध्ये एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पिण्यासाठी कच्चं दूध विकणं बंद झालं, मुरलेल्या चीजला मात्र हात लावला नाही. पुढे १९९० च्या दशकात प्रयोगांत दिसलं की ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूची घातक जात चेडरमध्ये ६० दिवसांनंतरही तग धरते, तरी आकडा तोच राहिला.

युरोपने वेगळी वाट धरली: दिवस मोजण्यापेक्षा जनावरांची तब्येत, गोठ्याची स्वच्छता, जंतूंच्या चाचण्या, आणि लेबलवर कच्च्या दुधाचा स्पष्ट उल्लेख. ऑस्ट्रेलियाने २००५ ला रॉकफोर्टला, म्हणजे फ्रान्सच्या कच्च्या दुधाच्या निळ्या चीजला, परवानगी दिली. अमेरिकेत तेच रॉकफोर्ट २०१४ च्या सुमारास अडकलं, कारण एफडीएने निरुपद्रवी ई. कोलायची मर्यादासुद्धा कडक केली होती, चीजवाल्यांनी आरडाओरडा केल्यावर २०१६ ला ती चाचणी थांबवली.