सांस्कृतिक सुरक्षितता

मदत घ्यायला आलेल्या माणसाची ओळख, भाषा, श्रद्धा आणि नातीगोती यांना धक्का न लावता त्याची शुश्रूषा व्हावी, आणि ती तशी झाली की नाही याचा निवाडा शुश्रूषा करणाऱ्याने नव्हे तर ती घेणाऱ्याने करावा, असे मानणारी न्यूझीलंडमधील संकल्पना. परिचारिकांच्या शिक्षणातून ती १९८०च्या दशकाच्या अखेरीस पुढे आली आणि नंतर सुईणी, समाजकार्यकर्ते, मानसशास्त्रज्ञ व डॉक्टर यांच्या व्यवसायांत पोहोचली. माओरी, म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी, यांच्या भाषेत तिला ‘कावा फाकारुरुहाऊ’ म्हणतात. ‘कावा’ म्हणजे रीत, ‘फाकारुरुहाऊ’ म्हणजे आडोसा, निवारा. न्गाई ताहू आणि रांगितानी या जमातींशी नाते सांगणाऱ्या इरिहापेती रॅम्सडेन (१९४६–२००३) या परिचारिकेने या कल्पनेला सिद्धान्ताचे रूप दिले.

हे नाव मात्र रॅम्सडेन यांनी शोधलेले नाही. १९८८ साली क्राइस्टचर्च येथे माओरी परिचारिका आणि विद्यार्थिनींची एक सभा भरली होती. कायद्याच्या दृष्टीने सुरक्षित, नीतीच्या दृष्टीने सुरक्षित, उपचारांत सुरक्षित अशी परिचारिका कशी घडवायची, यावर चर्चा चालू असताना पहिल्या वर्षाच्या एका माओरी विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, की या सगळ्या सुरक्षिततांबद्दल तुम्ही बोलता, पण सांस्कृतिक सुरक्षिततेचे काय? पुढे रॅम्सडेन यांनी या विद्यार्थिनीचे ऋण वारंवार मान्य केले. एका व्यवसायाचे शिक्षण बदलून टाकणारा शब्द वर्गातल्या सर्वांत नवख्या मुलीकडून यावा, ही गोष्ट या संकल्पनेच्या स्वभावाला धरूनच आहे.

प्रश्न अचानक उगवला नव्हता. ६ फेब्रुवारी १८४० रोजी ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यात वैतांगीचा करार झाला. त्याचे इंग्रजी आणि माओरी मसुदे एकमेकांशी जुळत नाहीत. इंग्रजी मसुद्यात प्रमुखांनी सार्वभौमत्व सोडून दिले आहे. माओरी मसुद्यात त्यांनी फक्त ‘कावानातांगा’, म्हणजे कारभार पाहण्याचा अधिकार दिला आहे आणि आपल्या जमिनी, वस्त्या व मोलाच्या सर्व गोष्टींवरचा अधिकार स्वतःकडे राखला आहे. बहुसंख्य प्रमुखांच्या सह्या माओरी मसुद्यावर आहेत. त्यानंतरच्या शतकात युद्धे, जप्ती आणि कायद्यांच्या मार्गाने बहुतेक जमीन हातातून गेली. शाळांतून भाषा हद्दपार झाली. १९०७च्या एका कायद्याने ‘तोहुंगा’ म्हणजे पारंपरिक जाणकार व वैद्य यांच्या व्यवहारावर बंदी आली. हा कायदा १९६२पर्यंत पुस्तकात राहिला. १९१८च्या इन्फ्लूएंझाच्या साथीत माओरींचा मृत्युदर युरोपीय वंशाच्या लोकांच्या कितीतरी पट होता. दुसऱ्या महायुद्धानंतर एका पिढीच्या आत बहुसंख्य माओरी खेडी सोडून शहरांत आले आणि तिथे त्यांची गाठ ज्या रुग्णालयांशी पडली, ती त्यांना विचारून बांधलेली नव्हती. आजही माओरींचे सरासरी आयुर्मान इतरांपेक्षा सुमारे ७ वर्षांनी कमी आहे.

या इस्पितळांत नेमके काय घडत होते, ते दोन उदाहरणांवरून कळते. माओरी मान्यतेनुसार डोके ‘तापू’, म्हणजे पवित्र आणि म्हणूनच निर्बंध पाळण्याचे स्थान. एका रुग्णाच्या पायाखालची उशी काढून दुसऱ्याच्या किंवा त्याच्याच डोक्याखाली सरकवणे, ही धावपळीत असलेल्या परिचारिकेच्या दृष्टीने क्षुल्लक बाब. रुग्णाच्या दृष्टीने तो अपमान. जेवणाच्या टेबलावर शौचपात्र ठेवणे हेही तसेच. आपल्याकडेही उशीवर बसलेल्या मुलाला घरातली मोठी माणसे उठवतात, तेव्हा ही भावना समजायला मराठी वाचकाला फार लांब जावे लागत नाही. आता अनेक रुग्णालयांत डोक्याच्या उशीचे अभ्रे वेगळ्या रंगाचे असतात.

दुसरे उदाहरण वारेचे. माओरी भाषेत ‘फेनुआ’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत : जमीन आणि वार. बाळंतपणानंतर वार कुटुंबाच्या जमिनीत पुरायची, म्हणजे मूल त्या भूमीशी बांधले जाते. प्रसूती घरातून रुग्णालयात आली तेव्हा वार रुग्णालयाचा कचरा ठरली आणि भट्टीत जाळली जाऊ लागली. आई गप्प राहत असे, कारण विचारायची पद्धतच नव्हती. ‘इथे माझी नाळ पुरलेली आहे’ असे आपण गावाबद्दल म्हणतो. तीच नाळ कुणी न विचारता जाळून टाकली तर काय वाटेल, याचा विचार केला की हा प्रश्न केवळ आरोग्यनियमांचा उरत नाही. आज तिथे प्रसूतीनंतर वार घरी नेणार का, हे विचारणे नित्याचे झाले आहे.

येथपर्यंत वाचून कोणालाही वाटेल, की परिचारिकांना माओरी चालीरीती शिकवल्या की काम झाले. रॅम्सडेन यांचा याच समजुतीला सर्वांत कडवा विरोध होता. अमेरिकेत मॅडलिन लेनिंजर यांनी मांडलेल्या आंतरसांस्कृतिक शुश्रूषेत परिचारिका इतरांच्या संस्कृतींचा अभ्यास करते आणि त्यानुसार सेवा देते. रॅम्सडेन यांचे म्हणणे असे, की या मांडणीत जाणकार पुन्हा परिचारिकाच राहते आणि रुग्ण अभ्यासाचा विषय होतो. शिवाय शहरात वाढलेल्या, भाषा न येणाऱ्या माओरी मुलीला यादी हातात घेतलेली परिचारिका ‘तुमच्यात असे असते ना?’ म्हणून विचारते, तेव्हा ती मुलगी दुसऱ्यांदा परकी ठरते. म्हणून अभ्यासाचा रोख उलटा फिरवला गेला. विद्यार्थिनीने आधी स्वतःकडे पाहायचे : आपली भाषा, वर्ग, धर्म, वंश, आपल्या घरात स्वच्छतेचे, वेदनेचे, मृत्यूचे कोणते नियम होते, आपण कोणाला ‘त्रासदायक रुग्ण’ म्हणतो आणि का. मग आपल्या हातातली सत्ता पाहायची. गणवेश, नोंदवही, भेटीच्या वेळा, कळणार नाही अशी परिभाषा, वेदनाशामक आत्ता द्यायचे की अर्ध्या तासाने, हे सगळे त्या सत्तेत येते. शुश्रूषा ही स्वतःच एक संस्कृती आहे आणि रुग्णालयात तिचाच अंमल चालतो, हे मान्य करणे ही पहिली पायरी.

या पायऱ्या तीन मानल्या जातात. जाणीव म्हणजे फरक आहे हे कळणे. संवेदनशीलता म्हणजे त्या फरकाला मान देणे आणि स्वतःचा इतरांवर काय परिणाम होतो हे तपासू लागणे. सुरक्षितता ही शेवटची. तिचे प्रमाणपत्र परिचारिका स्वतःला देऊ शकत नाही, ते रुग्णाकडूनच मिळते. व्याख्येची नकारार्थी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे : एखाद्याच्या सांस्कृतिक ओळखीला कमी लेखणारी, अवमान करणारी किंवा त्याला हतबल करणारी कोणतीही कृती म्हणजे असुरक्षित शुश्रूषा.

सर्वांत खोल बदल एका जुन्या व्रताच्या अर्थात झाला. वर्ण, धर्म, वंश न पाहता सेवा करावी, ही परिचारिकेची परंपरागत प्रतिज्ञा. रॅम्सडेन म्हणत, ते पाहूनच सेवा करावी. कारण ‘न पाहता’ दिलेली सेवा प्रत्यक्षात बहुसंख्याकांच्या मापाने बेतलेली असते. ‘आम्ही जात पाहत नाही’ हे वाक्य कोणाच्या तोंडून सहज येते आणि कोणाच्या तोंडून कधीच येत नाही, हे ज्याने आपल्या आसपास लक्षपूर्वक ऐकले आहे, त्याला या भेदाची वेगळी फोड करून सांगावी लागणार नाही.

न्यूझीलंड नर्सिंग कौन्सिलने १९९०च्या सुमारास ही कल्पना आपल्या मानकांत घेतली आणि १९९२मध्ये परिचारिका व सुईणींच्या शिक्षणासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढून ती अनिवार्य केली. काळ अनुकूल होता. ऑकलंडच्या स्त्री-रुग्णालयात गर्भाशयमुखाच्या कर्करोगपूर्व अवस्थेतील स्त्रियांना न सांगता त्यांचे उपचार रोखून अभ्यास केला गेल्याचे उघड झाले होते, आणि त्याच्या चौकशीचा अहवाल १९८८मध्येच आला होता. तज्ज्ञांवर आंधळा विश्वास टाकू नये, हे गोऱ्या मध्यमवर्गालाही तेव्हा पटले होते. याच घडामोडींतून १९९६मध्ये रुग्णांच्या हक्कांची संहिता लागू झाली. तिच्या पहिल्याच हक्कात माओरींसह सर्वांच्या सांस्कृतिक गरजा, मूल्ये आणि श्रद्धा लक्षात घेऊन सेवा मिळण्याचा समावेश आहे.

तरीही १९९३मध्ये मोठे वादळ उठले. क्राइस्टचर्चमधील एका विद्यार्थिनीने या विषयाच्या शिकवण्याविरुद्ध तक्रार केली आणि वृत्तपत्रांनी ती उचलून धरली. परिचारिकांना सुया टोचायला शिकवायचे सोडून राजकारण शिकवले जाते, गोऱ्या विद्यार्थिनींना अपराधी वाटायला लावले जाते, असे आरोप झाले. १९९५मध्ये प्रकरण संसदीय समितीपर्यंत गेले. नर्सिंग कौन्सिलने तत्त्वांचा फेरआढावा घेऊन १९९६मध्ये सुधारित आवृत्ती काढली. तीत ‘संस्कृती’चा अर्थ अधिक रुंद झाला : वय, लिंग, लैंगिक कल, व्यवसाय, आर्थिक स्थिती, वंश किंवा स्थलांतराचा अनुभव, धर्म आणि अपंगत्व हे सारे त्यात आले. वैतांगीच्या करारावरील शिक्षण मात्र त्यापासून वेगळे काढून मांडण्यात आले. या रुंदीकरणाचा लाभ झाला, हे खरे. वृद्ध, समलिंगी, अपंग रुग्णांनाही तोच हक्क मिळाला. पण मूळ प्रश्नाची धार बोथट झाली, हा आक्षेपही खोटा नाही. ज्यांची जमीन गेली त्यांचा प्रश्न आणि ‘प्रत्येकजण वेगळा असतो’ हे सामान्य विधान, यांत अंतर आहे.

समाजकार्यात हीच वाट थोडी आधी निघाली होती. जॉन रांगिहाऊ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने समाजकल्याण खात्याच्या कारभारावर दिलेला ‘पुआओ ते आता तू’ (पहाट) हा अहवाल १९८६चा. वंशभेद एखाद्या कर्मचाऱ्याच्या मनात असतो तसा संस्थेच्या नियमांत, भरतीत आणि सवयींतही असतो, हे त्याने सरकारी कागदावर आणले. त्याचा परिणाम म्हणून १९८९च्या बालक व कुटुंब कायद्यात कुटुंबसभेची तरतूद आली. मुलाबद्दलचा निर्णय घेताना ‘फानाऊ’ला, म्हणजे आजी-आजोबा, मावश्या, काका यांच्यासह विस्तारित कुटुंबाला एकत्र बसवायचे आणि अधिकाऱ्यांनी काही काळ खोलीबाहेर जायचे. ही पद्धत पुढे अनेक देशांनी घेतली. २००३च्या समाजकार्यकर्ता नोंदणी कायद्याने माओरींबरोबर काम करण्याची क्षमता ही नोंदणीची अट केली. पण कायदा चांगला असणे आणि दारात आलेला अधिकारी चांगला वागणे या दोन गोष्टी आहेत. २०१९मध्ये हेस्टिंग्ज येथील रुग्णालयात नवजात बाळाला तरुण माओरी आईपासून काढून नेण्याचा प्रयत्न झाला, त्याचे चित्रण देशाने पाहिले. सरकारी ताब्यातील मुलांपैकी निम्म्याहून अधिक माओरी आहेत हे वास्तव पुन्हा समोर आले, आणि २०२१मध्ये वैतांगीच्या कराराच्या भंगाबद्दलच्या तक्रारी तपासणाऱ्या वैतांगी न्यायाधिकरणाने सरकारवर करारभंगाचा ठपका ठेवला.

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात मेसन ड्युरी या माओरी मनोविकारतज्ज्ञांनी १९८०च्या दशकात मांडलेले ‘ते फारे तापा फा’ हे प्रतिमान आधाराला आले. आरोग्य म्हणजे चार भिंतींचे घर : शरीर, मन, आत्मा आणि कुटुंब. एक भिंत ढासळली की घर उभे राहत नाही. समुपदेशकाने रुग्णाला एकटे बसवून फक्त मनाबद्दल विचारले, तर तीन भिंती त्याने पाहिल्याच नाहीत.

डॉक्टर उशिरा आले. २००३च्या आरोग्य व्यावसायिक कायद्याने सर्व नोंदणी मंडळांना सांस्कृतिक सक्षमतेची मानके ठरवणे बंधनकारक केले, आणि २०१९मध्ये वैद्यकीय मंडळाने ‘सक्षमते’च्या पुढे जाऊन ‘सुरक्षितता’ हा शब्द स्वीकारला. फरक शब्दांपुरता नाही. सक्षमता मिळवून संपते, भिंतीवर लावता येते. सुरक्षितता प्रत्येक रुग्णाजवळ नव्याने सिद्ध करावी लागते. ऑस्ट्रेलियात २०१८च्या परिचारिका आचारसंहितेत ही संकल्पना आली तेव्हा तिथेही १९९३सारखाच गदारोळ झाला. कॅनडात क्यूबेकमधील रुग्णालयात २०२०मध्ये आटिकामेक जमातीच्या एका स्त्रीने मरण्यापूर्वी कर्मचाऱ्यांच्या शिव्या स्वतःच्या फोनवर चित्रित केल्या. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी वंशभेद हा या मृत्यूला हातभार लावणारा घटक असल्याचे नोंदवले.

भारताचा संबंध परिचारिकांच्या मार्गे येतो. न्यूझीलंडमध्ये परदेशातून नोंदणी घेणाऱ्या परिचारिकांत भारत आणि फिलिपीन्समधून आलेल्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. त्यांना नोंदणीपूर्वी वैतांगीचा करार आणि सांस्कृतिक सुरक्षितता यांचे शिक्षण घ्यावे लागते. त्यांची जागा अवघड असते. उच्चारावरून हिणवले जाणे, ‘दुसरी सिस्टर पाठवा’ हे ऐकणे त्यांच्या वाट्याला येते, आणि त्याच वेळी माओरी रुग्णासमोर त्या गणवेशातली सत्ता असतात. मायदेशी विटाळाच्या कल्पनेमुळे शुश्रूषेच्या कामाकडे दीर्घकाळ कमीपणाने पाहिले गेले, हेही त्यांच्या सामानात असते. आपण कोणाकडून दुखावलो हे आठवता आठवता आपण कोणाला दुखावू शकतो हे पाहणे, हा त्यांच्यासाठी या विषयाचा खरा अभ्यास.

संकल्पनेतील मोठी उणीव तिच्या गाभ्यातच आहे. निवाडा रुग्णाने करायचा, पण त्याला विचारायचे कोणी आणि कधी? जो सर्वांत असुरक्षित, तो तक्रारीचा अर्ज सर्वांत कमी भरतो. तो पुढच्या तपासणीला येतच नाही आणि नोंदवहीत ‘गैरहजर’ एवढेच उरते. रॅम्सडेन यांनी २००२मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात या विषयाचा सगळा प्रवास नोंदवून ठेवला; त्यानंतर वर्षभरातच त्यांचे निधन झाले. माओरींच्या आरोग्यसेवेची आखणी माओरींच्या हाती असावी म्हणून जुलै २०२२मध्ये स्थापन झालेले स्वतंत्र प्राधिकरण नव्या सरकारने जून २०२४अखेर बरखास्त केले. परिचारिकांच्या अभ्यासक्रमातील ‘कावा फाकारुरुहाऊ’ मात्र टिकून आहे.