वाइन घडवणारा आणि मळ्याचा मालक: दक्षिण आफ्रिकेतील एक महत्त्वाचा फरक

दक्षिण आफ्रिकेतील वाइनविषयी लिहिताना ‘कृष्णवर्णीय वाइनमेकर’ आणि ‘कृष्णवर्णीयांच्या मालकीची वाइन’ ही दोन वर्णने सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. द्राक्षे कोणत्या दिवशी तोडायची, रस किती तापमानाला आंबवायचा, ओकच्या पिंपांत वाइन किती महिने मुरवायची आणि कोणत्या पिंपातली वाइन कशात मिसळायची, हे ठरवते ती व्यक्ती वाइनमेकर. लेबल (वाइनचा ब्रँड), वाइनरी (वाइन बनवण्याची जागा) किंवा जमीन ज्याच्या नावावर असते, तो मालक. पहिले स्थान शिक्षणाने मिळते आणि दुसऱ्यासाठी भांडवल लागते; वर्णभेदी राजवटीने हे दोन्ही मार्ग अडवले होते, पण ते सारख्या वेगाने मोकळे झालेले नाहीत.

न्त्सिकी बियेला यांचे उदाहरण पाहावे. क्वाझुलू-नाताल प्रांतातील खेड्यात वाढलेल्या या झुलू मुलीला वाइन बनवण्याच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळाली, तोवर तिने वाइनची चवही घेतलेली नव्हती. स्टेलेनबॉश विद्यापीठात, तिला परक्या असलेल्या आफ्रिकान्स भाषेतून शिकत, तिने 2003 मध्ये पदवी मिळवली. पुढच्याच वर्षी स्टेलेकाया या वाइनरीत त्या रुजू झाल्या आणि देशातील पहिल्या कृष्णवर्णीय महिला वाइनमेकर म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. 2009 मध्ये त्यांना वर्षातील सर्वोत्तम महिला वाइनमेकरचा सन्मान मिळाला. या सर्व काळात वाइन त्यांची होती, पण वाइनरी त्यांची नव्हती. 2016 मध्ये त्यांनी आजीच्या नावाने ‘अस्लिना’ हे स्वतःचे लेबल सुरू केले, तेही इतरांच्या मळ्यांतील द्राक्षे विकत घेऊन. म्हणजे लेबलाची मालकी आली तरी जमिनीची मालकी त्यासोबत येतेच असे नाही, आणि हा टप्पा कौतुकाच्या भरात हमखास नजरेआड होतो.

फ्रान्सहुक येथील क्लाइन खुडेरुस्ट हा मळा याच्या नेमका उलट आहे. द्राक्षमळ्यात मजुरी करणाऱ्या आईचे पुत्र पॉल सिगुका यांनी अनेक वर्षे पैसे साठवून 2019 मध्ये तो विकत घेतला. वाइन मात्र ते स्वतः बनवत नाहीत. ते काम रॉडनी झिम्बा करतात. ज्या प्रदेशात कित्येक पिढ्या मजुरांना मजुरीचा काही भाग स्वस्त वाइनच्या रूपात दिला गेला आणि त्यातून व्यसनाचा वारसा मागे उरला, तेथे मजुराच्या मुलाने मळा घ्यावा, ही घटना कोणत्याही पदकापेक्षा मोठी आहे, असे मला वाटते.

कारमेन स्टीव्हन्स यांनी ही दोन टोके बऱ्याच अंशी जोडली. एल्सनबर्ग कृषी महाविद्यालयातून 1995 मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी दीर्घकाळ इतरांच्या वाइनरींसाठी काम केले आणि 2019 मध्ये स्वतःची वाइनरी उभी केली. त्या देशात ‘कलर्ड’ म्हटल्या जाणाऱ्या, म्हणजे मिश्र वंशाच्या, समाजातील आहेत. आर्थिक सक्षमीकरणाच्या कायद्यात ‘कृष्णवर्णीय’ या संज्ञेत हा समाज आणि भारतीय वंशाचे नागरिकही येतात, हे वाचकाने लक्षात ठेवलेले बरे.

हा फरक जपण्यामागे व्यावहारिक कारण आहे. वेल लावल्यापासून पहिले चांगले पीक येईपर्यंत सुमारे तीन वर्षे जातात, त्यानंतर लाल वाइन मुरण्यात आणखी वर्ष-दोन वर्षे पैसा अडकतो. हा काळ तगून राहण्यासाठी तारण म्हणून जमीन लागते, आणि 1913 च्या जमीन कायद्यापासून पुढच्या वर्णभेदी कायद्यांपर्यंत नेमकी जमीनच हिरावली गेली. शिष्यवृत्तीमुळे नवी बियेला घडू शकते, पण तिला स्वतःचा मळा हवा असेल तर दीर्घ मुदतीचे कर्ज आणि जमीन मिळण्याची व्यवस्था लागेल. म्हणून बाटलीवर ‘पूर्णतः कृष्णवर्णीयांच्या मालकीची’ असे लिहिलेले दिसले, तर ती मालकी लेबलाची, वाइनरीची की मळ्याची, हे विचारावे आणि वाइन बनवणाऱ्याचे नावही आवर्जून शोधावे.