माश्यांवरच्या संशोधनासाठी विलिस्टन निधी: अर्ज नेमका कुठे अडतो

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत फक्त माश्यांच्या अभ्यासासाठी एक छोटा निधी आहे, एस. डब्ल्यू. विलिस्टन डिप्टेरा संशोधन निधी. विलिस्टन (१८५१–१९१८) हे जीवाश्मतज्ज्ञ आणि माश्यांचे मोठे अभ्यासक. मुद्दलाला हात न लावता उत्पन्नातून मदत दिली जाते. तेव्हा प्रयोगशाळा उभारायचे पैसे इथे मागू नका. यंदा अर्ज घेताहेत का, हे कीटकशास्त्र विभागाला ईमेल करून आधी विचारा.

विषय डिप्टेरा, म्हणजे दोन पंखांच्या कीटकांचा हवा. घरमाशी, डास, चिलटं, फळमाशी चालतात. मधमाशी नाही, तिला चार पंख असतात. प्रस्ताव टाइप केलेल्या दहा पानांच्या आत बसवायचा आणि उद्दिष्ट नेमकं लिहायचं. ‘सह्याद्रीतल्या माश्यांचा अभ्यास’ हे उद्दिष्ट नव्हे. कोणतं कुळ, किती नमुने, शेवटी हाती काय येणार, हे पहिल्याच पानावर दिसू द्या.

खरी अडचण पुढे आहे. मदत मिळालेल्यांनी काही काळ तिथल्या संग्रहालयात काम करावं आणि होलोटाइप (ज्या एका नमुन्यावरून नव्या जातीचं वर्णन आणि नाव ठरतं, तो मूळ नमुना) व प्रातिनिधिक नमुने तिथे ठेवावेत, असं निधी सुचवतो. ही अपेक्षा आहे, अट नाही. विद्यार्थी मात्र ती अट समजतात आणि नव्या जातीचा होलोटाइप वॉशिंग्टनला देऊ असं लिहून मोकळे होतात. कृपा करून तसं लिहू नका! आपल्या जैवविविधता कायद्याच्या (२००२) कलम ३९ प्रमाणे नवी जाती सापडली तर ती कळवून तिचा नमुना नेमून दिलेल्या संग्रहात जमा करावा लागतो. प्राण्यांसाठी तो भारतीय प्राणी सर्वेक्षणाचा. पुण्यात आकुर्डीला त्यांचं केंद्र आहे, तिथे आधीच बोलून घ्या. शिवाय परदेशी संस्थेला इथले नमुने हवे असतील, तर सरकारमान्य सहकार्य प्रकल्प वगळता चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. इवल्याशा माशीसाठी एवढे कागद कशाला, असा वैताग येतो, आणि तो रास्त आहे. पण परवानगीशिवाय नमुन्यांचं पाकीट टपालात टाकलंत, तर पुढे शोधनिबंधही अडकेल.

म्हणून प्रस्तावात सरळ लिहा: ‘होलोटाइप भारतात जमा करू, परवानगी मिळाल्यास जादा नमुने वॉशिंग्टनला देऊ.’ अभयारण्यातून नमुने गोळा करणार असाल, तर वनविभागाची परवानगी वेगळी, आणि ती नमुने गोळा करण्यापूर्वीची हवी. टाचणीला टोचलेल्या प्रत्येक नमुन्याखालच्या चिठ्ठीवर गाव, तालुका, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव असतं. ती तारीख परवान्याच्या मुदतीत बसते ना, हे एकेक चिठ्ठी वाचून तपासा.

हे सगळं जमणारं नसेल, तर तिथल्या संग्रहात आधीपासून असलेल्या माश्यांवर प्रस्ताव करा. इथून काही न्यायचं नसल्यामुळे वरच्या परवानग्यांचा प्रश्न येत नाही; पासपोर्ट आणि व्हिसाची नेहमीची कामं तेवढी उरतात.